जुन्या २५ एमएम शिशाच्या फिगर्स घ्याव्यात का? त्यांतून होळकरांची पलटण उभी केली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, घ्या. ज्यांना लढाया टेबलावर मांडायच्या आहेत आणि फौज आपल्याकडची हवी आहे, त्यांनी नव्या फिगर्सच्या मागे लागण्याआधी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जुन्या शिशाच्या फिगर्सचा, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर उंचीच्या छोट्या सैनिकांचा, एखादा सेकंडहॅन्ड लॉट नक्की घेऊन बघा. मी घेतला, आठ महिने त्यावर बसले, आणि आता सविस्तर लिहितेय कारण मला सुरुवातीला हे मराठीत सांगणारं कोणी भेटलं नाही, इंदुरात तर नाहीच.

तर झालं असं की माझा मामेभाऊ इंग्लंडला असतो, त्याला म्हटलं दादा, तिकडे जुने सैनिक विकतात ना लोक, एक लॉट बघ माझ्यासाठी. त्यानं ९६ नगांचा लॉट घेतला आणि दिवाळीला येताना बॅगेत घालून आणला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, उचलला तर हात खालीच गेला, किलोभराच्या वर वजन. आत बहुतेक मिनीफिग्जचे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच पायदळ, लांब कोट घातलेले, थोडे इंग्रज, तीन तोफा आणि त्यांचे गोलंदाज, एक हुसार, म्हणजे हलक्या घोडदळाचा, अधिकारी घोड्यावर, आणि दहा-बारा हिंचलिफ या दुसऱ्या कंपनीचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिनीफिग्ज ही साउथॅम्प्टनची कंपनी, साठच्या दशकात नेव्हिल डिकिन्सन यांनी सुरू केली. हिंचलिफ यॉर्कशायरचे, त्यांच्या बऱ्याच मूर्ती पीटर गिल्डर यांनी घडवल्या. दोन्ही हातात धरले की फरक लगेच कळतो. मिनीफिग्जचा शिपाई ठेंगणा, शांत, सगळे एकाच पोझमध्ये उभे, चेहरा साधा, कपड्याला चुण्या कमी. हिंचलिफचा जरा अंगानं बारीक, पाय टाकतोय, मान वळवतोय, चेहऱ्याला भाव आहे. बघायला हिंचलिफच सुंदर. पण कापून-जोडून दुसरंच काही करायचं असेल तर माझं मत मिनीफिग्जला. अंगावर कोरीवकाम कमी म्हणजे घासायचं कमी आणि आपल्याला हवं ते चढवायला जागा जास्त. आजच्या २८ एमएम फिगरवर प्रत्येक बटण, प्रत्येक पट्टा इतका खोल कोरलेला असतो की तो काढता काढता जीव जातो.

आता फ्रेंचच का, हे बाबांनीही विचारलं. कारण तो लांब कोट. कमरेखाली घेर असलेला गुडघ्यापर्यंतचा कोट, त्याची बटणं घासली, खांद्यावरचे झुबके उडवले, पाठीवरची पिशवी कापली, कमरेला शेला गुंडाळला की तो अंगरखा होतो. खरंच होतो. तोसदान (काडतुसांची पेटी) आणि बंदूक तशीच राहू द्यायची, कारण होळकरांच्या कवायती पलटणी मुळात फ्रेंच अधिकारी द्यूद्रेनेक यानंच बांधल्या होत्या, १७९३ ला लाखेरीत शिंद्यांच्या डी बॉयनच्या कंपूंनी, म्हणजे कवायती तुकड्यांनी, त्या मोडल्या आणि पुढे पुन्हा उभ्या राहिल्या. म्हणजे खांद्याला संगिनीची बंदूक आणि डोक्याला पगडी हे चित्र माझ्या मनचं नाही, ते तसंच होतं.

मला मांडायची आहे महिदपूरची लढाई. २१ डिसेंबर १८१७. इंदूरच्या माणसाला खरं म्हणजे हे सांगायला लागू नये पण लागतं. क्षिप्रेच्या काठी होळकरांच्या सत्तरच्या आसपास तोफा लागलेल्या, समोरून हिस्लॉप आणि माल्कम यांची इंग्रज फौज नदी ओलांडून थेट त्या तोफांवर चालून आली, त्यांचे जवळपास ८०० ठार-जखमी झाले. आदल्याच दिवशी होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना आपल्याच लोकांनी मारलेलं, गादीवर मल्हारराव, वय अकरा. फौजेचा एक भाग लढाईतून निघून गेला आणि तरी रोशन बेगचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, संगिनी अंगात घुसेपर्यंत उभे राहिले. पंधरा-सोळा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह आणि मग राजधानी इंदूरला. आपलं शहर आज जे आहे ते त्या दिवसानंतरचं आहे. म्हणून मला ते गोलंदाज नीट करायचे होते, बाकी काही बिघडलं तरी चालेल.

आता मालाबद्दल. विकणाऱ्यानं लिहिलं होतं कंडिशन चांगली. नाव घेत नाही, पण चांगली नव्हती. सगळ्यांवर जाड एनॅमल पेंटचे दोन-तीन थर, इतके की नाक-डोळे बुजलेले. ते चालतं, रंग उतरतो. पण सात नगांच्या पायाशी आणि तळाला पांढरी-करडी पावडर होती, बोटाला लागली. ती धूळ नाही, ती शिशाची कीड, लेड रॉट म्हणतात. लाकडी कपाटात, विशेष करून ओकच्या, बंद हवेत वर्षानुवर्षं ठेवलं की लाकडातून आम्लाची वाफ निघते ती शिशाला खाते. चार वाचले, खरवडून स्वच्छ करून प्रायमर मारला, तीन घोट्यातूनच गेले. म्हणून लॉट घेताना फोटो मागाल तर तळाचा मागा, पुढून सगळेच बरे दिसतात. आणि घरी आणल्यावर लाकडी खणात ठेवू नका, प्लास्टिकचा डबा बरा. कोणी रंग काढायला व्हिनेगर सुचवलं तर अजिबात ऐकू नका, तेही आम्लच, शिसं खाणार.

आणि हे शिसं आहे हे एक मिनिटही विसरायचं नाही. नव्वदच्या दशकापासून बऱ्याच कंपन्या कथील जास्त असलेल्या धातूकडे वळल्या, पण हा जुना माल शिशाचाच. कोरडं घासायचं नाही, कानस आणि फिगर दोन्ही ओली ठेवायची, खाली ओला पेपर, काम झालं की तो गुंडाळून बंद पिशवीत. त्या टेबलावर चहा नाही, शेव नाही, काही नाही. हात साबणानं. घरात लहान मूल असेल तर रंग आणि वार्निश पूर्ण होईपर्यंत डबा वरच्या फळीवर. भाचा आला की मी कामच बंद करते.

रंग उतरवायला जखमेवर लावतो ते तपकिरी अँटिसेप्टिक, क्लोरोझायलेनॉलवालं, पाणी न घालता काचेच्या बरणीत, त्यात फिगर्स २४ तास. दुसऱ्या दिवशी ग्लव्हज घालून जुन्या टूथब्रशनं घासलं की रंग सालीसारखा निघतो. एकच गोष्ट लक्षात ठेवा, लगेच नळाखाली धरू नका. पाणी लागलं की तो निघालेला रंग आणि अँटिसेप्टिक मिळून असा चिकट गाळ होतो की तो पुन्हा चुण्यांमध्ये जाऊन बसतो, माझ्या पहिल्या दहा फिगर्सचं हेच झालं, परत सगळं करावं लागलं. आधी ताज्या अँटिसेप्टिकमध्येच एकदा खळबळून घ्या, मग भांड्यांचं लिक्विड लावून घासा, मग पाणी. घरात दोन दिवस दवाखान्यासारखा वास राहतो. आईनं गॅलरीत हाकललं, बरोबरच केलं.

हत्यारांसाठी बाहेरून काही मागवू नका. आपल्या सराफ्यात, रात्रीच्या खाण्याचा नाही, दिवसाचा सराफा, तिथे सोनारांची हत्यारं मिळतात. त्यांची बारीक करवत, सुईसारख्या कानशी, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, हे सगळं या कामाला तंतोतंत लागू पडतं, आणि दुकानदाराला सांगितलं शिशावर वापरायचंय तर त्यानंच शिकवलं की कानशीला आधी खडू घास, नाहीतर मऊ धातू दातांत भरून बसेल. तेव्हापासून शाळेचा खडू टेबलावर असतो.

पुटीबद्दल, म्हणजे फिगरवर नवे कपडे-पगडी घडवायच्या लगद्याबद्दल, लोक फार विचारतात म्हणून जरा थांबून सांगते. दोन प्रकार. एक बाहेरून येणारी निळी-पिवळी पट्टी, मिसळली की हिरवी होते, ग्रीन स्टफ. ती चिवट, ताणली जाते, कापडाच्या चुण्यांना उत्तम, पण वाळल्यावरही थोडी रबरासारखी राहते, त्यामुळे कानस नीट चालत नाही. दुसरी आपली नळाला लावायची इपॉक्सी पुटी, सियागंजात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे, दोघांच्या पोहे-जिलबीच्या पैशात महिनाभराची. ती दगडासारखी कडक होते, घासता येते, पण जरा रवाळ आणि बारीक काम करायला गेलं की तुटते. एकटी कुठलीच पुरेशी नाही. दोन्ही आधी आपापल्या नीट मळून मग अर्धी-अर्धी एकत्र केली की चिवटपणाही राहतो आणि धारही येते. फटाफट सुकणाऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका, पगडी अर्ध्यावर असताना हातात दगड होतो.

पगडी कशी ते सांगते कारण सगळा खेळ तिथेच आहे. फ्रेंच शिपायाची उंच टोपी करवतीनं कपाळाच्या वर सपाट कापायची, कानापाशी तिरकं नाही. उरलेल्या डोक्यावर पुटीची पातळ टिकली दाबून बसवायची आणि रात्रभर सोडायचं. हे रात्रभर सोडणं महत्त्वाचं, नाहीतर वरची पगडी दाबताना खालचा थर सरकतो. दुसऱ्या दिवशी गव्हाच्या दाण्याएवढी ताजी पुटी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं बाजूला ठेवायची, लगेच घेतली तर बोटालाच चिकटते. मग ओल्या काचेवर बोटानं लाटत लाटत शेवईसारखी लांब करायची, आजी पाटावर शेवया वळायची अगदी तसं, आणि डाव्या कानापासून सुरुवात करून डोक्याभोवती तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढलेला. दाभणाचं टोक पाण्यात बुडवून वेढ्यांच्या मधली रेघ दाबत जायची. शेवटचं टोक मागे खोचायचं.

माझ्या पहिल्या वीस पगड्या चुकीच्या झाल्या. करायला नीटच होत्या पण बघायला बरोबर वाटत नव्हत्या, आणि काय चुकतंय ते कळेना. बाबांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही पगडी डोक्यावर ठेवलेली नाही वाटत, डोक्यातून उगवल्यासारखी वाटते. चल, कृष्णपुऱ्याला जाऊन येऊ." मग रविवारी सकाळी आम्ही दोघं कृष्णपुरा छत्रीवर, होळकरांच्या स्मारकावर, गेलो. लहानपणापासून हजारदा तिथून गेलेय पण बाहेरच्या भिंतीवरचे ते कोरलेले शिपाई, वादक कधी थांबून बघितले नव्हते. बाबा म्हणाले, "कपाळ बघ. पगडी कपाळावर किती खाली येते, आणि एका बाजूला झुकलीये." तेच होतं. मी पगडी टोपीच्या जागी सरळ उभी बसवत होते. तेव्हापासून पहिला वेढा भुवईच्या जरा वर आणि उजवीकडे किंचित झुकता. वीसच्या वीस उखडून पुन्हा केल्या. आता पलटण रांगेत ठेवली की लांबूनसुद्धा फ्रेंच वाटत नाही, आपली वाटते. हा एक मिलिमीटरचा फरक आहे फक्त.

हुसार अधिकाऱ्याची मी भीमाबाई होळकर केली. यशवंतरावांची मुलगी, महिदपूरला घोडदळ घेऊन उतरली असं सांगतात. घोडा तोच, खोगिराखालचं मेंढीचं कातडं घासून सपाट केलं, नऊवारीचा काष्टा शुद्ध ग्रीन स्टफमध्ये, कारण तिथे ताण लागतो. चार वेळा केला. त्यावर वेगळं लिहायला हवं.

रंगकामात या जुन्या फिगर्सची खरी परीक्षा होते. कोरीवकाम उथळ असल्यानं नव्या फिगर्सवर चालते तशी वॉश (खोलगट जागी साचणारा पातळ गडद रंग) ओतली आणि झालं, असं होत नाही, वॉशला बसायला खोलगटच नाहीत. सावली आपण ब्रशनं रंगवावी लागते. ज्यांना झटपट हवंय त्यांना इथे कंटाळा येईल. मला उलट हेच आवडलं. पांढऱ्या अंगरख्याला पांढरा शेवटी, आधी मातकट करडा, मग साईसारखा, आणि घेराच्या कडांवर आणि खांद्यावर फक्त शुद्ध पांढरा. भगव्या झेंड्यासाठी बाटलीतला नारिंगी तसाच लावला तर संत्र्याच्या गोळीसारखा दिसतो, पिवळी माती आणि शेंदरी मिसळा, आणि उजळ करताना पांढरा नाही, पिवळा घाला, पांढऱ्यानं तो गुलाबीकडे जातो. वालेहोचे ड्रॉपरवाले रंग छान आहेत, पण सगळ्याला लागत नाहीत. खजुरी बाजारात स्टेशनरीवाल्याकडे मिळणारे फेविक्रिल आणि कॅमलचे अ‍ॅक्रिलिक पाण्यानं पातळ करून दोन हात दिले तर पलटणीच्या कामाला उत्तम, माझ्या शिपायांच्या पगड्यांचा लाल तोच आहे. चेहऱ्यांसाठी मात्र चांगला ब्रश घ्या, रंगात पैसे वाचवा, ब्रशमध्ये नको.

प्रायमर गाडीचा करडा स्प्रे. मे महिन्यात दुपारी मारलात तर थेंब हवेतच सुकून फिगरवर रवा बसतो, आणि पावसाळ्यात दमट हवेनं पांढुरकी झाक येते. सकाळी सात, ऊन चढायच्या आत, वीतभर अंतरावरून, दोन हलके हात. शेवटी वार्निश आधी ग्लॉस, मग वरून मॅट. ग्लॉस कडक असतो, हाताळून हाताळून नाकावरचा रंग जातो तो जात नाही.

तळासाठी विकतची वाळू आणू नका. काळी माती आहे ना आपल्याकडे. मी महिदपूरला गेले होते तेव्हा नदीकाठच्या शेतातून, विचारून, पिशवीभर आणली, तव्यावर भाजली, चहाच्या गाळणीतून चाळली आणि फेविकॉलवर चिकटवली. ओली असताना एकदम काळी दिसते, वाळली की भेगा पडतात, खऱ्या शेतासारख्या. वरून फिका राखाडी-तपकिरी ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं हलका हात, नाहीतर टेबलाच्या उजेडात सगळा तळ एक काळा डाग वाटतो.

उणं काय ते पण सांगते. बंदुका वाकतात. संगिनी तर जवळजवळ सगळ्याच वाकलेल्या आल्या, दोन-तीनदा सरळ केल्या की तुटतात, मग ड्रिल करून टाचणीचा तुकडा बसवावा लागतो. भाले असतील तर सरळ कापून टाका, तारेचे करा. घोटे कमजोर. आणि सगळ्यात मोठी अडचण मापाची, जुन्या २५ एमएमच्या शेजारी आजचा २८ एमएम ठेवला तर बाप-लेक उभे आहेत असं वाटतं, त्यामुळे मध्येच नवीन पाकीट आणून भर घालता येत नाही, पुन्हा जुनंच शोधावं लागतं आणि मिळेल तेव्हा मिळेल. हौशी नवख्यांना, ज्यांना एका महिन्यात दोन फौजा समोरासमोर हव्यात, त्यांना मी प्लास्टिकच सुचवेन. पाचापैकी द्यायचे तर फिगर म्हणून साडेतीन, कापून-जोडून वेगळं काही करायला पाच, त्या विकणाऱ्याच्या वर्णनाला एक.

सध्या ५२ शिपाई, १२ गोलंदाज आणि भीमाबाई तयार आहेत. एक तोफ म्हणजे खऱ्या दहा असं धरलंय, म्हणजे सात लागतात, माझ्याकडे तीन आहेत. दादाला सांगून ठेवलंय की यावेळी फ्रेंच तोफखानाच बघ, आणि तळाचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नको. तोवर बाबा जेवणाच्या टेबलावर निळी ओढणी आडवी टाकून तिन्ही तोफा काठाला लावून ठेवतात, चौथीच्या जागी पुडीचा दोरा गुंडाळलेलं रीळ ठेवतात आणि जेवायची वेळ झाली की विचारतात, "हिस्लॉपला उतार कुठे द्यायचा गं, इकडून की पलीकडून?"